चिडायचं तर सोफ्यावर चिडा

भंडाऱ्याहून पूर्वेला महामार्ग धरला की लाखनी, साकोली, देवरी करत रस्ता छत्तीसगडात उतरतो आणि राजनांदगाव, दुर्ग मागे टाकून भिलाईला पोचतो. आमच्या साकोलीकडच्या पोरांना पुण्या-मुंबईपेक्षा भिलाई कितीतरी जवळ. याच भिलाईत फेब्रुवारी २०२४मध्ये एका कॉलेजच्या कार्यक्रमात आदित्य नारायण ‘डॉन’मधलं गाणं म्हणत होता. स्टेजला खेटून उभ्या असलेल्या एका पोरानं मोबाइल वर धरला होता. गाता गाता आदित्यनं माईक त्याच्या हातावर मारला, मोबाइल हिसकावला आणि गर्दीत भिरकावून दिला. गाणं सुरूच राहिलं. बाकीच्या मोबाइलांनी ते सगळं टिपलं आणि एक-दोन दिवसांत देशानं पाहिलं.

आयोजकांच्या बाजूनं नंतर सांगण्यात आलं की तो पोरगा सारखा गायकाचे पाय ओढत होता, पायावर मोबाइल मारत होता. असेलही. पाय ओढणाऱ्याला बाजूला करण्यासाठी स्टेजखाली माणसं उभी असायला हवी होती, ती का नव्हती, हा प्रश्न मात्र कुणी आयोजकांना विचारला नाही.

असा व्हिडिओ आला की दोन टोळ्या तयार होतात. एक म्हणते, माज आलाय. आम्ही मोठं केलं, आम्हीच खाली आणू. दुसरी म्हणते, कलाकारही माणूसच आहे, त्यालाही राग येतो. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलीला वाटतं, तिकीट काढलं म्हणजे गायक विकत घेतला. दुसरी जे सांगते ते खरं आहे, पण त्यातून काहीच उलगडत नाही. माणूस आहे म्हणून चिडतो, मान्य. पण हाच माणूस त्याच संध्याकाळी आणखी चार जणांवर चिडू शकला असता आणि चिडला नाही. तो कुणावर चिडला आणि कुणासमोर हसत राहिला, हे बघायला नको का?

मी बघत आलोय. आणि मला दिसलंय ते असं की आपल्याकडे स्टेजवरच्या माणसाचा संयम सुटतो तो जवळपास नेहमी कुंपणामागच्या माणसावर. सोफ्यावर बसलेल्यावर तो सुटत नाही.

पूर्व विदर्भातला एखादा ‘महोत्सव’ ज्यांनी पाहिलाय त्यांना सोफा म्हणजे काय ते सांगायला नको. मैदानात सगळ्यात पुढे पांढऱ्या कव्हरांचे सोफे, समोर टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या आणि काजूची प्लेट. त्यामागे पासवाल्यांच्या खुर्च्या. त्यामागे बांबूचं कुंपण. कुंपणामागे आम्ही. कार्यक्रमाची वेळ सातची. सोफ्यावरचे लोक नऊला येतात. ते आले की गाणं मध्येच थांबतं. निवेदक नावं वाचतो, शाल-श्रीफळ होतं, एकाचं मनोगत होतं, मग दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याचंही होतं. गायक कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो. तबलजी तबला मांडीवरून खाली ठेवतो. थंडीत वाद्यं उतरतात, पुन्हा लावावी लागतात. दोन गाणी झाली की सोफा उठतो, गायकाच्या समोरून, भर गाण्यात, मागे दहा-बारा कार्यकर्ते घेऊन निघून जातो. गायक गाता गाता मान झुकवून नमस्कार करतो.

गाण्याचा यापेक्षा मोठा अपमान कुठला? आणि त्यावर चिडलेला एकही गायक मी आमच्या जिल्ह्यात पाहिलेला नाही.

मग कुंपणामागून एखादी शिट्टी येते, आणि गायक पेटतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या अशाच एका कार्यक्रमाला मी मामासोबत गेलो होतो. गायकाचं नाव सांगत नाही, सांगून काही साधणारही नाही. मामा धानाची शेती करतो. कॅसेटच्या काळापासून त्यानं या गायकाला ऐकलेलं. तीस किलोमीटर मोटरसायकलवर, कानाला मफलर गुंडाळून आम्ही पोचलो. सत्कार वगैरे उरकून कार्यक्रम नीट सुरू होईपर्यंत साडेनऊ झाले. चौथ्या की पाचव्या गाण्याला मागच्या चार पोरांनी एका जुन्या गाण्याचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली. गायकानं हात वर करून साथीदारांना थांबवलं आणि माईकवरून म्हणाला की या भागात गाणं कळत नाही हे मला निघतानाच सांगितलं होतं, ते खरं निघालं. सोफ्यावरचे दोघे-तिघे हसले. कुंपणामागे सगळं शांत झालं.

ओरडणारी पोरं दहा मिनिटांत कंटाळून निघून गेली. त्यांना काही लागलं नाही. मामा शेवटपर्यंत बसला, पण त्यानं टाळी वाजवली नाही. परत येताना वाटेत चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाला, “आपल्यालेच बोल्ला ना गा तो.” मामा ओरडला नव्हता. त्यानं तर त्या पोरांना हात करून गप्प बसायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइलची रिंगटोन बदलली. वर्षानुवर्षं त्याच गायकाचं गाणं होतं.

गर्दीवर चिडण्यात नेहमी असंच होतं. ज्यानं त्रास दिला त्याला काही फरक पडत नाही. शिक्षा होते ती सगळ्यात जास्त प्रेम करणाऱ्याला, कारण गायकाचं वाक्य तोच मनाला लावून घेतो. शिट्टी मारणारा ते ऐकतसुद्धा नाही.

बंगळूरूत २०२५च्या एप्रिलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. एका कॉलेजात सोनू निगमचा कार्यक्रम होता. समोरून काही पोरं ‘कन्नड, कन्नड’ असं ओरडू लागली. पहलगामच्या हल्ल्याला तेव्हा तीनच दिवस झाले होते, २६ माणसं मारली गेली होती. सोनू निगमनं गाणं थांबवलं, तू जन्माला यायच्या आधीपासून मी कन्नड गातोय असं त्या पोराला सुनावलं, आणि पहलगाममध्ये जे झालं ते याच कारणामुळे, असंही बोलून गेला. कन्नड गाण्याची फर्माईश आणि दहशतवादी हल्ला त्यानं एका दोरीत ओवले. पुढे पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, कन्नड चित्रपटसृष्टीच्या संघटनेनं असहकार जाहीर केला, एका चित्रपटातून त्याचं गाणं काढलं गेलं. शेवटी त्यानं माफी मागितली.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यानं मध्यंतरी दिलेलं स्पष्टीकरण. तो म्हणाला, चार-पाच जणच ओरडत होते, बाकीचे लोक उलट त्यांना थांबवत होते. म्हणजे समोर हजारो चाहते आपल्या बाजूनं आहेत हे त्याला तेव्हाही दिसत होतं. २००६च्या ‘मुंगारु मळे’पासून कर्नाटकात ज्यांनी त्याला घरातला मानलं, तेच हे लोक. वाक्य मात्र त्या सगळ्यांना लागेल असं निघालं.

मराठी वाचकानं यावर पटकन टाळ्या पिटू नयेत, पटकन नाकही मुरडू नये. उद्या नागपुरात एखाद्या हिंदी गायकाला आपल्यातलं कुणी ‘मराठी म्हणा’ असं ओरडलं तर आपण त्याला उर्मट म्हणू की आपला म्हणू? आणि आमच्या झाडीपट्टीतल्या माणसानं झाडीबोलीत काही मागितलं तर पुण्याच्या गायकालाच काय, नागपूरच्या निवेदकालाही हसू येतं. फर्माईश ओबडधोबड असते. पण ‘आमच्या भाषेत गा’ ही मागणी करणारा तुम्हाला आपल्या घरात बोलावत असतो. त्याची पद्धत वाईट असेल तर पद्धतीवर बोला. गुन्हे दाखल करणं आणि बंदी घालणं मलाही पटत नाही; एका वाक्याला पोलीस लागत असतील तर ते आपलंच अपयश आहे. पण ‘कलाकार आहे, सोडून द्या’ हेही उत्तर नाही.

इथपर्यंत वाचून कुणीतरी किशोरी आमोणकरांचं नाव काढणार. काढायलाच हवं. मराठीत चिडणाऱ्या गायकांचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचं. उशिरा सुरू झालेल्या मैफली, लांबलेलं स्वर लावणं, मध्येच थांबून श्रोत्यांना सुनावणं, ऐन वेळी रद्द झालेले कार्यक्रम. त्यांच्या गाण्यावर जीव टाकणारेही तिकीट काढताना देवाचं नाव घ्यायचे.

त्यांच्याबद्दल काश्मीरमधल्या एका मैफलीचा किस्सा नेहमी सांगितला जातो. गाणं सुरू असताना पुढे बसलेल्या एका उद्योगपतीच्या पत्नीनं पान मागवलं. किशोरीताई थांबल्या आणि मला काय कोठीवरची बाई समजलात का, असं त्यांनी विचारलं. आता या किस्स्यात समोर कोण आहे ते बघा. मागच्या रांगेतला पोरगा नाही. जिच्या घरच्या पैशावर मैफल उभी आहे ती बाई आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर, किशोरीताई सोफ्यावर चिडल्या.

आणि हा राग हवेतून आलेला नव्हता. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर घराण्याचं मोठं नाव. या आईसोबत लहान वयात दौऱ्यांवर जाताना काय पाहिलं ते किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरी केलेली सोय, हातावर टेकवलेलं तुटपुंजं मानधन. गाणाऱ्या बाईकडे समाज कसा बघतो ते त्यांनी आईच्या शेजारी बसून पाहिलं. आपल्या बाबतीत हे होऊ देणार नाही असं ठरवलं, आणि प्रवास, मुक्काम, मानधन या सगळ्यात त्या शेवटपर्यंत काटेकोर राहिल्या. त्यांना ‘तापट’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी मोगूबाईंना तिसऱ्या वर्गातून नेणाऱ्या आयोजकांना कधी काही म्हटलं?

तरीही मी किशोरीताईंना सरसकट माफी देणार नाही. मोठ्या कलाकाराला सगळं माफ, हा कायदा मला मान्य नाही, कारण त्याच कायद्याचा आधार घेऊन आज कुणीही दोन हिट गाण्यांवर मोबाइल फेकतो. दूरच्या गावाहून एस.टी.नं येऊन, परतीची गाडी चुकवून जो त्यांच्या मैफलीत बसला आणि ज्याला गाण्याऐवजी बोलणी ऐकावी लागली, त्याच्या बाजूनं मी आहे. त्याचा काही गुन्हा नव्हता. पान मागवणाऱ्या बाईवर झालेला राग मला समजतो. शेवटच्या रांगेवर झालेला समजत नाही, मग तो कितीही मोठ्या गळ्यातून आलेला असो.

एकाच माणसात हे दोन्ही राग कसे असतात याचं चांगलं उदाहरण परदेशातलं आहे. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट. जानेवारी १९७५मध्ये जर्मनीतल्या कोलोनला त्याच्यासाठी भलताच, खराब पियानो आणून ठेवला होता. तो वैतागला, वाजवणार नाही म्हणाला. पण हे त्यानं कार्यक्रमाआधी, आयोजक मुलीला सांगितलं. ती होती अगदीच कोवळ्या वयाची. तिनं गळ घातली आणि तो वाजवायला तयार झाला. त्या मोडक्या पियानोवर जे वाजलं ते ‘द कोलोन कॉन्सर्ट’ म्हणून जगभर लाखो लोकांनी विकत घेतलं. समोरच्या श्रोत्यांना त्याच्या रागाचा चटका बसला नाही. तोच जॅरेट २००७मध्ये इटलीत पेरुजाच्या महोत्सवात वाजवण्याआधीच माईकवर आला आणि फोटो काढणाऱ्यांना त्यानं शिव्या घातल्या, सगळ्या प्रेक्षागारासमोर. महोत्सवानं त्याला पुन्हा न बोलवण्याचं जाहीर केलं. २०१३मध्ये तो परत आला खरा, पण पहिल्या रात्री जे मिळायला हवं होतं ते कुणाला परत मिळालं नाही.

पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स तर १९७७मध्ये माँट्रियलला एका चाहत्याच्या अंगावर थुंकला होता. पण नंतर त्याला स्वतःचीच किळस आली, आणि त्या विचारातून १९७९चा ‘द वॉल’ उभा राहिला, गाणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये चढत जाणाऱ्या भिंतीची गोष्ट. रागाचं गाणं झालं.

रागाचं गाणं करायला आम्हाला मात्र लंडन-अमेरिकेकडे बघायची गरज नाही. दिवाळी झाली की आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई भरते. एका गावाची मंडई आज, शेजारच्याची उद्या. तिथे दंडार असते, खडी गंमत असते. खडी गंमत म्हणजे उभ्यानं केलेला खेळ. ढोलकी, डफ, तुणतुणं, शाहीर, बाईच्या वेशातला नाच्या, आणि भोवती जमिनीवर बसलेलं गाव. ‘दुय्यम’ असली तर दोन पार्ट्या समोरासमोर येतात. एक शाहीर दुसऱ्याला सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो, आणि मधल्या वेळात एकमेकांची यथेच्छ उतरवतात. भीम-बुद्ध गीतांच्या दुय्यम कव्वालीतही तेच. राग असतो, टोमणा असतो, पण तो चालीत बसवून, ठेक्यावर मारायचा असतो. नुसतं तोंड सोडलं तर गाव शाहिराला हरलेला मानतं.

तिथे दारू पिऊन आलेला माणूस असतोच. तो मध्ये शिरतो, नाच्याचा हात धरायला बघतो, गाणं मागतो. शाहीर त्याच्या नावाची ओळ जागच्या जागी रचतो, गंमत्या त्याची नक्कल करतो, गाव हसतं, गावातलेच दोघे त्याला उचलून बाजूला नेऊन बसवतात. खेळ पुढे चालू. शिक्षा एकालाच झाली, आणि बाकीच्या पाचशे जणांना एक जास्तीचं कडवं मिळालं.

झाडीपट्टीच्या नाटकांतही हेच. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत बोटं गारठलेली असताना पेटीवाला आणि तबलजी वाजवत राहतात, ‘वन्समोअर’ आला की पुन्हा तेच गाणं, पुन्हा तीच तान. नाटक संपलं की सामान गाडीत आणि दुसऱ्या रात्री दुसरं गाव. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर पाच हजारांहून जास्त प्रयोग आहेत. इतक्या रात्री समोरच्या गर्दीला तोंड देणं ही विद्या आहे, आणि ती आमच्याकडे लहान गावातल्या, कमी पैशात राबणाऱ्या कलाकारांकडे आहे. लाखोंचं मानधन घेणाऱ्यांनी ती शिकायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, शाहिराला चिडणं परवडतच नाही, पुढच्या वर्षी सुपारी मिळणार नाही. बरोबर आहे. पोटासाठी गिळलेल्या रागाला मी संयम म्हणून मिरवणार नाही. पण तोच न्याय मोठ्या गायकालाही लावा. सोफ्यासमोर तोही पोटासाठीच गप्प असतो. फरक एवढाच की शाहीर गिळलेला राग गावावर काढत नाही.

एक अपवाद मी नि:संकोच मान्य करतो. स्टेजवरच्या बाईच्या अंगाला कुणी हात लावला, तिच्याकडे बघून घाणेरडं बोललं, कुणावर बाटली किंवा दगड फेकला, तर तिथे गाणं थांबवायलाच हवं. तो रसिक नाही, गुन्हेगार आहे. त्याला गायिकेनं बोट दाखवून बाहेर काढायला लावलं तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन. तिथेही बोट त्या एकाकडे असावं, एवढंच.

आणि आपणही काही साधे नाही. पूर्ण गाणं मोबाइल डोक्यावर धरून काढायचं आणि मागच्याला पडदा करायचा, पहिल्या आलापाला जुन्या हिट गाण्याचं नाव ओरडायचं, गायकाच्या तोंडासमोर लाइट मारून सेल्फी घ्यायचा. हे बंद करायला पैसे लागत नाहीत. शेजारचा ओरडत असेल तर त्याला गप्प करणं हे गायकाआधी आपलं काम आहे. मंडईत गाव ते करतं.

मोठ्या गायकांकडे माझी मागणी साधी आहे. कराराच्या कागदात तुम्ही हॉटेल, गाडी, साऊंड, पाण्याची कंपनी, सगळं लिहून घेता. त्यात आणखी तीन ओळी घाला: गाणं सुरू झाल्यावर सत्कार होणार नाही. स्टेजखाली माणसं उभी असतील. पुढची जागा आधी येणाऱ्याला मिळेल. आयोजक ऐकत नसतील तर तिथे आवाज चढवा, कार्यक्रमाच्या आधी, त्यांच्या तोंडावर. मंत्र्याच्या मनोगताच्या वेळी तबला मांडीवरून खाली ठेवू नका, वाजवायला लागा. एकदा तरी कुणीतरी हे करून दाखवा. भंडारा जिल्ह्यात त्या गायकाला रात्रभर वन्समोअर मिळेल.

तोपर्यंत वाचणाऱ्यांना एक निमंत्रण. यंदा भाऊबीज झाली की मोहाडी, तुमसर, साकोली, लाखांदूर, कुठल्याही तालुक्यात या. ज्या गावाची मंडई असेल तिथे दुपारी जमिनीवर बसा. सोफा नसेल.